शहराला पुरस्कार, नाक्यावर धूळ : न्हावा शेव्याच्या सार्वजनिक जागांचे गुण कोण मोजणार?

११ जानेवारी २०२४ रोजी 'स्वच्छ सर्वेक्षण २०२३'चा निकाल दिल्लीत जाहीर झाला आणि नवी मुंबईला देशात तिसरा क्रमांक मिळाला. दुसऱ्याच दिवशी, १२ जानेवारीला, शिवडी ते न्हावा शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही धावू लागली. दोन्ही बातम्यांत नाव एकच होते, 'नवी मुंबई'. वाचणाऱ्याला वाटावे की देशातल्या तिसऱ्या स्वच्छ शहरात हा पूल उतरतो.

तसे नाही. पुरस्कार मिळाला तो नवी मुंबई महानगरपालिकेला. १ जानेवारी १९९२ रोजी स्थापन झालेल्या या महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आहे. न्हावा शेवा रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. तिथे बंदर प्राधिकरण आहे, सिडको आहे, राष्ट्रीय महामार्गाची यंत्रणा आहे, ग्रामपंचायती आहेत, पण नवी मुंबई महापालिका नाही. पनवेल महापालिका २०१६ साली झाली, तिच्या हद्दीतही हा भाग येत नाही. सिडकोने वसवलेले उलवे आणि द्रोणागिरी हे नोडसुद्धा या दोन्ही महापालिकांच्या बाहेर आहेत. त्यामुळे ज्या सर्वेक्षणाचा डांगोरा पिटला जातो, त्यात न्हावा शेव्याचा नाका, बसथांबा, ट्रेलरची रांग, जेट्टी, खाडीकाठ यांपैकी कशालाच एकही गुण मिळालेला नाही. नापासही केलेले नाही, कारण परीक्षेला बसवलेच नाही.

सार्वजनिक जागांचा पर्यावरणीय दर्जा ठरवण्याच्या पद्धती गेल्या दहा वर्षांत देशात भराभर वाढल्या. त्या गुणपत्रिकांच्या आधारे पैसा वळतो, अधिकाऱ्यांचे कौतुक होते, घरांच्या जाहिराती छापल्या जातात. म्हणून त्या काय मोजतात, काय सोडतात आणि कोणाला वगळतात, हे आपण तपासायलाच हवे.

एकाच नावाच्या चार गुणपत्रिका

नवी मुंबईच्या गेल्या काही वर्षांतल्या गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली, स्वच्छ सर्वेक्षण. हे २०१६ साली ७३ शहरांपासून सुरू झाले. नवी मुंबई २०२० साली तिसरी, २०२१ साली चौथी, २०२२ आणि २०२३ साली पुन्हा तिसरी आली. १७ जुलै २०२५ रोजी जाहीर झालेल्या २०२४-२५ च्या निकालात तिला 'सुपर स्वच्छ लीग'मध्ये घेतले. सतत वर राहणाऱ्या २३ शहरांची ही वेगळी रांग आहे.

दुसरी गुणपत्रिका केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची. २००९ साली मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांक काढला. ७० च्या वर गुण म्हणजे 'अतिगंभीर प्रदूषित'. इथे गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. नवी मुंबईला ७३.७७ गुण होते. चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद आणि तारापूर यांच्याबरोबर तिचे नाव त्या यादीत आले.

तिसरी, राहण्यायोग्य शहरांचा निर्देशांक. २०१८ साली पुणे पहिले आणि नवी मुंबई दुसरी. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेल्या पुढच्या निर्देशांकात दहा लाखांवरील शहरांत नवी मुंबई सहावी. अडीच वर्षांत शहर इतके बिघडले का? मुख्य बदल मोजण्याच्या पद्धतीत होता. दुसऱ्या वेळी निकष नव्याने मांडले गेले आणि नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन दिले गेले. पट्टी बदलली की क्रमांक बदलतो.

चौथी, राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. २०१९ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात हवेचे मानक न गाठणाऱ्या शहरांची यादी आहे. त्यात महाराष्ट्राची १९ शहरे आहेत आणि नवी मुंबई त्यांपैकी एक आहे.

म्हणजे एकच शहर कचऱ्यात देशात तिसरे, औद्योगिक प्रदूषणात एकेकाळी अतिगंभीर, राहण्यात कधी दुसरे तर कधी सहावे आणि हवेत नापास. यातले काहीही खोटे नाही. प्रत्येक गुणपत्रिका वेगळा विषय तपासते. लबाडी होते ती एका विषयातले गुण सगळ्या विषयांचे म्हणून मिरवले जातात तेव्हा. स्वच्छ सर्वेक्षण मुळात कचरा, शौचालये आणि सांडपाणी यांचे आहे. ते महत्त्वाचे आहेच. पण रस्त्यावर उभे राहून बसची वाट पाहणाऱ्या बाईच्या फुफ्फुसात काय जाते, हे त्या पत्रिकेवरून कळत नाही.

बेरीज करायची की सर्वांत वाईट घटक पाहायचा?

या सगळ्या पद्धतींत एक तांत्रिक फरक आहे. तो समजून घेतला की अर्धी गोष्ट उलगडते.

स्वच्छ सर्वेक्षण गुणांची बेरीज करते. २०२३ साली एकूण ९,५०० गुण होते. सेवांच्या प्रगतीला ४,८३०, प्रमाणपत्रांना २,५०० आणि नागरिकांच्या आवाजाला २,१७०. म्हणजे नागरिकांच्या वाट्यापेक्षा प्रमाणपत्रांचा वाटा मोठा होता. बेरजेच्या पद्धतीत एका ठिकाणी पडलेला खड्डा दुसरीकडच्या गुणांनी भरून निघतो.

हवेचा राष्ट्रीय निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्याची रीत उलटी आहे. आठ प्रदूषकांचे उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतला सर्वांत वाईट आकडा हाच त्या ठिकाणचा निर्देशांक धरतात. सल्फर डायऑक्साइड कितीही कमी असला तरी सूक्ष्म धूलिकण २५० वर असतील, तर हवा 'खराब'च. तिथे सरासरीच्या आड लपता येत नाही.

आता एखादा काल्पनिक नाका घेऊ. झाडलोट ९५ गुण, दिवे ९०, कचऱ्याचे डबे ८५, भिंतींची रंगरंगोटी ८०, सावली १०, स्त्रियांसाठी शौचालय ०. बेरीज ३६०, सरासरी ६०. परीक्षेच्या भाषेत प्रथम श्रेणी. पण आठ तास ड्युटी करणाऱ्या महिला कामगाराच्या दृष्टीने तो नाका शून्य गुणांचा आहे. तिथे शौचालय नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. रंगवलेल्या भिंतीचा तिला काय उपयोग?

सार्वजनिक जागेला गुण देताना हवेच्या निर्देशांकाची रीत लावली पाहिजे. जागेचा दर्जा तिथल्या सर्वांत कमकुवत घटकाने ठरावा. असे केले तर पुष्कळ शहरांचे क्रमांक कोसळतील, पण कुठे काम करायचे ते ताबडतोब कळेल.

न्हावा शेव्यात काय मोजायला हवे

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ या आर्थिक वर्षात त्याने वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात ७० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले. कंटेनर रेल्वेनेही जातात, पण मोठा भाग रस्त्याने जातो. त्यामुळे इथल्या सार्वजनिक जागेचा अनुभव बागेपासून नव्हे, रस्त्यापासून सुरू होतो. डिझेलचा धूर, चाकांखालून उडणारी धूळ, रात्रभर चालणारे हॉर्न, रस्त्याकडेला उभे ट्रेलर. बंदर प्राधिकरणाने ट्रेलरसाठी केंद्रीय वाहनतळ उभारला ही चांगली गोष्ट आहे. परंतु रस्त्याकडेची रांग संपली का, हे दर महिन्याला मोजून जाहीर झाले पाहिजे.

आवाजाचे उदाहरण पाहा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. औद्योगिक भागात ती ७५ आणि ७० आहे. आता जुने गाव तिथेच असताना त्याच्या कुंपणाला लागून गोदाम आणि महामार्ग आले, तर गावाला कोणती मर्यादा लावायची? कागदावर गाव निवासी आहे. कानाला ते औद्योगिक आहे. या प्रश्नाचे उत्तर नकाशा रंगवून मिळत नाही. रात्री दोन वाजता गावात यंत्र लावून मिळते.

पाण्याचा हिशेब आणखी जुना आहे. बंदरासाठी १९८० च्या दशकात शेवा कोळीवाडा उठवला गेला आणि हनुमान कोळीवाड्यात वसवला गेला. तिथली वाळवीने पोखरलेली घरे हा अनेक वर्षे गाजलेला प्रश्न आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांतल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो आदेश पुढे वरच्या न्यायालयात नेला गेला. पण त्यातले एक सूत्र महत्त्वाचे आहे. खाडी, कांदळवन आणि मासे सुकवायची जागा ही 'मोकळी पडलेली' जमीन नसते, तिच्यावर माणसे जगत असतात. मुंबई उच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. मग सार्वजनिक जागांच्या गुणपत्रिकेत खाडीकाठाला रकाना का नसावा? बागेतल्या कारंज्याला गुण मिळतात आणि भरतीचे पाणी आत-बाहेर करू देणाऱ्या खाडीमुखाला मिळत नाहीत. पाणजे, बेलपाडा, भेंडखळ इथल्या पाणथळ जागांवर भराव पडला तर पावसाळ्यात पाणी कुठे जाणार, हे उरणच्या कोणत्याही रहिवाशाला विचारावे.

याच किनाऱ्यासमोर घारापुरी आहे. जगभरचे लोक तिथल्या लेण्यांसाठी येतात. १९८७ पासून ती जागतिक वारसा आहे. त्याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत आणि बेटावर राहणारी गावेही आहेत. तिथे वीज पोहोचायला २०१८ साल उजाडले. वारसा म्हणून पहिल्या रांगेत असलेली जागा रहिवाशांच्या सोयींत किती मागे असू शकते, याचे हे जवळचे उदाहरण आहे.

महाडचा धडा याच जिल्ह्यातला

सार्वजनिक जागा म्हणजे काय, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. न्हावा शेवा आणि महाड एकाच रायगड जिल्ह्यात, पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात. १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सरकारी खर्चाने बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे त्या काळची गुणपत्रिका कोणी काढली असती तर 'सार्वजनिक तळे : सर्वांसाठी खुले' असा रकाना भरून पूर्ण गुण दिले असते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तोपर्यंत तो ठराव कागदावरच होता. त्यानंतरही न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला.

जागा सार्वजनिक आहे की नाही हे ठरावावरून ठरत नाही, वापरावरून ठरते. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये हेच तत्त्व आले. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या अथवा सर्व जनतेसाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही अडथळा करता येणार नाही.

आजचा अडथळा बहुतेक वेळा तसा उघड नसतो. तो सरासरीत दडतो. रायगडमधल्या अनेक गावांत बौद्धवाडी, कातकरीवाडी गावाच्या कडेला असते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर अशी नावे सुचवली गेली. निर्णय स्वागतार्ह आहे. पण गावाला एकच गुण दिला, तर चौकातली फरशी आणि कडेच्या वस्तीतले तुंबलेले गटार यांची सरासरी निघते आणि पाटी बदलूनही गटार तसेच राहते. म्हणून गुण गावाला किंवा शहराला नकोत, जागेला हवेत. चौकाला वेगळे, वस्तीतल्या गटाराला वेगळे.

दुसरा धोका सुशोभीकरणाचा. गुण वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे माणसे हटवणे. फेरीवाले उठवले, नाका कामगारांना हुसकावले, पुलाखाली झोपणाऱ्यांना हाकलले, भिंतीवर चित्र काढले की फोटो छान येतो. २०१४ चा पथविक्रेता कायदा फेरीवाल्यांना संरक्षण देतो, याची आठवण सर्वेक्षणाच्या आठवड्यात कोणाला राहत नाही. जी जागा गरिबांना बाहेर काढल्यावर जास्त गुण मिळवते, तिचा पर्यावरणीय दर्जा सुधारला असे म्हणता येणार नाही. आणि हे गुण ज्यांच्या हातांनी मिळतात त्या सफाई कामगारांना हातमोजे, गणवेश, विसाव्याची जागा आणि वेळेवर पगार मिळतो का, हा रकानाही पत्रिकेत ठळक हवा.

मग गुणांकन नकोच का?

असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्पर्धेमुळे नवी मुंबईत कचऱ्याचे वर्गीकरण, सार्वजनिक शौचालयांची देखभाल आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया यांकडे लक्ष गेले हे नाकारण्याचे कारण नाही. मोजले की प्रशासन हलते, हे यातून सिद्धच होते. म्हणूनच जे मोजले जात नाही ते मोजायला लावणे ही आपली मागणी असली पाहिजे.

जगात याचे नमुने आहेत. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकापासून 'ग्रीन फ्लॅग' हा पुरस्कार दिला जातो. तो शहराला मिळत नाही, एकेका उद्यानाला मिळतो आणि परीक्षक प्रत्यक्ष जाऊन पाहतात. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधले ११.७ हे लक्ष्य २०३० पर्यंत सर्वांना, विशेषतः स्त्रिया, मुले, वृद्ध आणि अपंग व्यक्तींना सुरक्षित हिरव्या व सार्वजनिक जागा मिळाव्यात असे सांगते. केंद्राच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. राज्याच्या २०२० पासूनच्या 'माझी वसुंधरा' अभियानात तर ग्रामपंचायतींनाही गुण मिळतात. चौकट अगदीच नाही असे नाही. पण बंदर, महामार्ग आणि सिडकोची जमीन कोणत्याच ग्रामपंचायतीच्या हातात नाही. धूळ दुसऱ्याच्या रस्त्यावरची आणि गुण ग्रामपंचायतीचे कापले जाणार, असा हा प्रकार आहे.

कायद्यातली फटही लक्षात घ्यावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांना दर वर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. बेलापूरच्या नागरिकाला तो मागता येतो. न्हावा शेव्याच्या नागरिकाला असा एकत्रित अहवाल देणारे सभागृहच नाही.

काय मागायचे

पहिली मागणी, सगळ्या यंत्रणांसाठी एकच पत्रक. बंदर प्राधिकरण, सिडको, महामार्ग प्राधिकरण, रेल्वे, उरण नगरपरिषद आणि ग्रामपंचायती यांच्या ताब्यातल्या प्रत्येक सार्वजनिक जागेची यादी जिल्हाधिकाऱ्यांनी करावी आणि प्रत्येक जागेसमोर जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे. जागा कोणाची हेच ठाऊक नसेल तर तक्रार कोणाकडे करणार?

दुसरी, प्रत्येक जागेचे सात घटक तपासावेत : हवा, आवाज, पाण्याचा निचरा, सावली, शौचालय, उजेड आणि चालण्याची वाट. दर्जा सर्वांत वाईट घटकावरून ठरावा. तपासणी दिवसा एकदा आणि रात्री एकदा व्हावी.

तिसरी, गुण देणाऱ्यांत जागा वापरणारे असावेत. ट्रेलरचालक, कंत्राटी कामगार, मासळी विकणाऱ्या स्त्रिया, शाळकरी मुले, सफाई कामगार. केवळ मोबाइल ॲपवर मत मागवले तर ज्यांच्याकडे वेळ आणि डेटा आहे त्यांचेच मत येते.

यासाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत. ते काढावेत, नाही मिळाले तर माहिती अधिकारात मागावेत. हवा आणि आवाज यांबद्दल त्यात जे लिहिले आहे ते आपल्या वस्तीतल्या परिस्थितीशी ताडून पाहावे. उरण-पनवेल पट्ट्यातल्या मंडळांनी, महिला बचत गटांनी आणि तरुणांनी प्रत्येकी पाच जागा निवडल्या, सात घटकांचे साधे पत्रक भरले, तारीख-वेळेसह फोटो जोडले आणि ते पुढच्या ग्रामसभेत ठराव म्हणून मांडले, तर न्हावा शेव्याची पहिली खरी गुणपत्रिका तयार होईल. ठरावाची प्रत बंदर प्राधिकरण, सिडको आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला पोचपावतीसह द्यावी. सहा महिन्यांनी त्याच जागा पुन्हा तपासाव्यात आणि कोणता घटक शून्यावरून हलला, कोणता नाही, ते गावात फलकावर लावावे.